अंगणातील झाडे आणि वादळवारे : वाचकांचे प्रश्न

मृगाच्या आधीची वादळे सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये घराजवळच्या झाडांविषयीची पत्रे वाढतात. त्यांतील काही निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एक पत्र जालन्याहून आले असले, तरी त्यातील प्रश्न कोकण किनाऱ्यावरच्या वाडीचा, म्हणजे घराभोवतालच्या माड-पोफळीच्या बागेचा आहे. त्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे, कारण किनाऱ्यावर एका चक्रीवादळात जे एकदम दिसून येते, तेच आपल्याकडे मराठवाड्यात वळवाच्या वादळांत दरवर्षी थोडे थोडे घडत असते.

प्रश्न : आमच्या अंगणात वडिलांनी लावलेला कडुनिंब आहे. तो घरावर पडू नये म्हणून दरवर्षी मे महिन्यात माणसे बोलावून आम्ही तो वरून बोडका करून घेतो. तरीही गेल्या वादळात त्याची एक जाड फांदी मोडून न्हाणीघराच्या पत्र्यावर पडली. आता झाड मुळापासूनच काढावे, असे घरात सर्वांचे मत झाले आहे. आपला सल्ला काय? (एक वाचक, बीड)

उत्तर : झाड काढण्याचा निर्णय घेण्याआधी, मोडलेली फांदी नेमकी कोठून निसटली आहे ते जवळून पाहावे. बहुतेक वेळा असे दिसते की, ती पूर्वी जेथे शेंडा छाटला होता त्याच जागेवरून सुटलेली असते, आणि तिच्या बुडाशी पिवळट, ताज्या लाकडाऐवजी काळपट भुसा किंवा ओलसर, कुजलेला भाग असतो. तसे असेल, तर फांदी मोडण्याचे कारण झाडाच्या उंचीत नसून दरवर्षीच्या छाटणीत आहे.

झाडाचा शेंडा किंवा जाड फांदी मध्येच आडवी तोडली की त्या तुटलेल्या टोकाखालून पाचसात धुमारे एकाच जागी फुटतात. मूळची फांदी खोडाच्या गाभ्यापासून वाढत आलेली असते आणि वर्षानुवर्षांच्या लाकडाने खोडात गुंफलेली असते. हे धुमारे मात्र केवळ सालीलगतच्या वरवरच्या थराला धरून असतात. झाडाची पाने एकाएकी गेल्यामुळे अन्नाची तूट भरून काढण्यासाठी ते झपाट्याने वाढतात, तीनचार वर्षांत चांगले लांब आणि पानांनी जड होतात, आणि त्याच काळात तोडलेल्या टोकातून पाणी व बुरशी आत शिरून त्यांचा आधारच कुजू लागतो. जड फांदी आणि कुजका आधार अशी ही जोडी आपण स्वतःच तयार केलेली असते. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. अशा वेळी पानांची सावली काढून घेतली, तर आजवर कधी ऊन न लागलेली फांद्यांची साल भाजते, तिला चिरा पडतात आणि किडीला वाट मिळते. मे महिन्यातील बोडकी छाटणी पूर्णपणे थांबवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. अनेक ठिकाणी छाटणीची मजुरी म्हणून लाकूडच दिले जाते. ज्याला मोबदला लाकडात मिळणार, तो जाड फांद्या तोडणार आणि वाळलेल्या काटक्या झाडावरच ठेवणार, यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. झाडाच्या हिताची छाटणी हवी असेल, तर रोख मजुरी ठरवावी, कोणत्या फांद्या काढायच्या त्यांवर आधी चुन्याने खुणा कराव्यात आणि काम चालू असताना स्वतः खाली उभे राहावे.

आपल्या कडुनिंबासाठी योग्य काळ माघ-फाल्गुनाचा, म्हणजे पानगळ होऊन नवी पालवी फुटण्याच्या आधीचा आहे. त्या वेळी फांद्यांचा सांगाडा उघडा दिसतो. पहिल्या वर्षी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि चिरलेल्या फांद्या काढाव्यात. जुन्या तुटक्या टोकांवर आलेल्या धुमाऱ्यांपैकी सर्वांत सशक्त असा एक किंवा दोन ठेवून बाकीचे दोनतीन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करावेत. पत्र्यावर झुकलेली लांब फांदी मध्येच आडवी न तोडता, तिच्या जाडीच्या निदान एकतृतीयांश जाडीची उपफांदी जेथे फुटली आहे तेथपर्यंत मागे आणावी. म्हणजे ती उपफांदीच पुढे टोकाचे काम करते आणि धुमाऱ्यांचा झुबका येत नाही. एका वर्षात हिरव्या पानोऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. जुन्या झाडाच्या बाबतीत याहूनही कमी.

फांद्यांच्या आतल्या बाजूच्या लहान डहाळ्या साफ करून केवळ टोकाला पानांचा गोंडा ठेवण्याची पद्धतही टाळावी. दिसायला झाड मोकळे दिसते, परंतु सर्व भार टोकाशी गेल्यामुळे वाऱ्याचा हेलकावा वाढतो आणि फांदी मध्येच मोडते. आतल्या डहाळ्या हा हेलकावा मोडून काढत असतात.

बुंध्याशी अळंबी उगवलेली नसेल, खोडावर काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल आणि मुळांजवळची माती उचललेली नसेल, तर हा कडुनिंब काढण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : फांदी खोडाला अगदी चिकटून कापावी, की थोडा खुंट ठेवावा? कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइल पेंट लावावा का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही टोके चुकीची आहेत. फांदी खोडाला जेथे मिळते तेथे नीट पाहिले, तर वरच्या बाजूला सालीची खरबरीत, दुमडलेली रेघ आणि खालच्या बाजूला थोडा फुगीर कडा दिसतो. हा कडा फांदीचा नसून खोडाचा भाग आहे. फांदी मेली किंवा कापली गेली, तर कूज आत जाऊ नये म्हणून झाड जी भिंत उभी करते ती याच ठिकाणी. कडा शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापावे. खोडाला सपाट चिकटून कापल्यास ती भिंतच कापली जाते आणि काही वर्षांनी तेथे ढोली पडते; चार बोटांचा खुंट ठेवल्यास तो वाळतो, कुजतो आणि नवी साल त्याच्यावरून चढू शकत नाही. छाटणी योग्य झाली आहे की नाही हे एका पावसाळ्यानंतर कळते. कापाभोवती सालीचे गोल, भरीव कडे चहूबाजूंनी सारखे येत असेल, तर काप बरोबर आहे. कडे केवळ डावी-उजवीकडे येऊन वर-खाली उघडे राहिले असेल, तर काप खोडात शिरला आहे.

मनगटाहून जाड फांदी एकाच घावात कापू नये. वरून कापत आणलेली फांदी अर्ध्यावर आली की स्वतःच्या भाराने मोडते आणि खोडाची साल हातभर खाली सोलत नेते. म्हणून पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूने, फांदीच्या एकतृतीयांश जाडीपर्यंत घ्यावा. दुसरा त्याच्या थोडा बाहेर वरून घेऊन फांदी उतरवावी. आणि उरलेला हलका खुंट तिसऱ्या कापाने कड्याबाहेर काढावा. कामासाठी धारदार करवत वापरावी, कुऱ्हाड आणि कोयता नको, कारण त्यांच्या घावाने लाकूड चिरते.

डांबर, ऑइल पेंट किंवा सिमेंट लावू नये. अमेरिकेच्या वन खात्यातील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे उभी चिरून जो अभ्यास केला, त्यातून गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात एक गोष्ट नीट पुढे आली : झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमी भाग आतून वेगळा पाडते आणि त्याच्याबाहेर नवे लाकूड चढवते. वरून दिलेला लेप ही क्रिया वेगाने घडवीत नाही, उलट त्याखाली ओल कोंडून राहू शकते. आंब्यासारख्या फळझाडावर, दमट हवेत जाड काप घ्यावा लागला, तर बुरशीसाठी बोर्डो पेस्ट लावण्याची फळबागेतील पद्धत पाळावी : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. लोखंडी भांडे वापरू नये.

प्रश्न : आमच्या गल्लीत एका पावसात दोन मोठी झाडे मुळासकट उलटली. फांद्या तर आदल्याच महिन्यात छाटल्या होत्या. असे का झाले असावे? एका झाडाभोवती छान पारही बांधलेला होता. (एक वाचक, परभणी)

उत्तर : झाड फांदीवरून मोडणे आणि मुळासकट उलटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दुसरीचे उत्तर वर नाही, जमिनीत शोधावे लागते.

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, हा समज फार रूढ आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य मुळे वरच्या दोन फुटांतच असतात आणि ताटासारखी चहूकडे, पानोऱ्याच्या घेरापलीकडे पसरलेली असतात. आपल्या भागात अनेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम किंवा खडक लवकर लागतो, त्यामुळे मुळांना खाली जाण्यास आणखी कमी वाव असतो. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. पहिल्या जोरदार पावसात तीच माती फुगून चिखल होते आणि मुळांवरची पकड सोडते. वळवाचे वादळ नेमके याच वेळी येते. उंच ढगातून पावसाबरोबर थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून बाजूला पसरते, म्हणून तो वारा काही मिनिटांत एकाच दिशेने अंगावर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर झाडावरचा दाब चौपट होतो. अशा वेळी एका बाजूची मुळे आधीच तुटलेली असतील, तर झाड त्याच्या उलट बाजूला जाते.

मुळे कोण तोडते, याचा विचार करावा. नळजोडणीचा चर, गटार, शोषखड्डा, कुंपणाच्या भिंतीचा पाया, पेव्हर ब्लॉक बसवण्यासाठी घेतलेली खोदाई, ही सर्व कामे झाडाच्या पायथ्याशी होतात आणि तोडलेली मुळे त्याच दिवशी मातीखाली झाकली जातात. झाडाचे वरचे रूप चारपाच वर्षे तसेच राहते, म्हणून वादळाच्या दिवशी कोणालाही त्या चराची आठवण येत नाही. बुंध्याच्या व्यासाच्या तिपटीइतक्या अंतरात खोदल्यास झाडाचे उभे राहणेच धोक्यात येते. शक्य तेथे सहापट अंतर सोडावे. चर टाळता येत नसेल, तर जाड मुळांच्या खालून हाताने माती काढून पाइप घालावा.

पाराविषयी लिहिताना मला खेद होतो, कारण वडा-पिंपळाखालचे आणि निंबाखालचे पार ही आपल्या गावांची बसण्याची जागा आहे. परंतु बुंध्याला लगटून दोन फूट मातीची भर घालून वर फरशी बसवली, तर खोडाची साल कायम ओलीत राहून कुजते आणि खालच्या मुळांना हवा व पाणी मिळत नाही. पार बांधायचाच असेल, तर बुंध्याभोवती निदान तीन फूट जागा मूळच्या जमिनीच्या पातळीवर मोकळी ठेवावी आणि बसण्याची कड त्याच्याबाहेर घ्यावी. फरशी व सिमेंटच्या बाबतीतही तेच. झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर परिसरातील काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या संदर्भात २०१३ साली दिला होता. तेवढी जागा ही किमान समजावी, पुरेशी नव्हे.

पाणी देताना बुंध्यापाशी रोज बादलीभर ओतण्याऐवजी आठपंधरा दिवसांतून एकदा, पानोऱ्याच्या कडेखाली, सावकाश आणि भरपूर द्यावे. त्या घेरात पाला, उसाचे पाचट किंवा सोयाबीनचा भुसा पसरून ठेवल्यास मातीला भेगा कमी पडतात.

प्रश्न : मी मूळची श्रीवर्धनची, लग्नानंतर जालन्यात आले. २०२० च्या निसर्ग वादळात माहेरची निम्मी वाडी आडवी झाली. आई आता दरवर्षी मे महिन्यात माडांच्या वरच्या चारदोन झावळ्या ठेवून बाकी सर्व कापून घेते, म्हणजे वारा लागू नये. घराच्या कौलांवर आलेला फणस आणि दोन आंबेही असेच बोडके करावेत, असे इकडच्या नातेवाइकांचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का? (एक गृहिणी, जालना)

उत्तर : ३ जून २०२० रोजी निसर्ग हे तीव्र चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातच किनाऱ्याला लागले, तेव्हा आपल्या आईंच्या मनातील भीती समजण्यासारखी आहे. तरीही माडाच्या हिरव्या झावळ्या कापणे त्वरित थांबवावे, असे मी त्यांना विनवीन.

माड हे इतर झाडांसारखे नाही. त्याला वाढीचा एकच कोंब असतो, आणि तो झावळ्यांच्या गाभ्यात झाकलेला असतो. सुदृढ माडावर तीसेक झावळ्या असतात, महिन्याला साधारण एक नवी येते, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा असतो. खालच्या हिरव्या झावळ्या नारळाच्या घडांना टेकू देतात, जुन्या झावळ्यांतले पोषण नव्या झावळ्यांना जाते, आणि वाऱ्याच्या झोतात सर्व मिळून मधल्या कोंबाचे रक्षण करतात. त्या काढून टाकल्या, तर वादळाचा सारा पीळ मधल्या चारदोन झावळ्यांवर आणि कोंबावर येतो. कोंब पिळवटला की माड गेला. शिवाय ताज्या कापांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो तेथे अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या गाभा पोखरतात. असा पोखरलेला माड बाहेरून हिरवा दिसतो आणि वाऱ्याने मध्येच मोडतो. माड मुळातच वारा सोसण्यासाठी घडलेला आहे : त्याची झावळी पात्यापात्यांची असल्याने वारा तिच्यातून निघून जातो आणि खोड वाकून पुन्हा उभे राहते.

वादळाआधी करायचे ते एवढेच. पूर्ण वाळलेल्या व लोंबणाऱ्या झावळ्या, वाळक्या पोयी आणि तयार नारळ उतरवून घ्यावेत, कारण वादळात सुटलेला नारळ कौलावर किंवा माणसावर येतो. शेंड्यात गेंड्या भुंग्याची भोके आहेत का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. चढणाऱ्याला खोडावर पायासाठी खाचा पाडू देऊ नयेत. आंब्याच्या खोडावरील घावावर नवी साल चढते, माडाच्या खोडावर ती कधीच चढत नाही. प्रत्येक खाच आयुष्यभर उघडी राहते. शिडीने किंवा यंत्राने चढणारी माणसे आता मिळतात. नारळ विकास मंडळाने अशा प्रशिक्षणाचा उपक्रमही चालवलेला आहे.

फणस आणि आंब्याचे प्रकरण वेगळे आहे. येथे छाटणी हवी, पण बोडकी नव्हे, आणि वादळाच्या तोंडावर नव्हे. कोकणात आंबा-फणस उतरेपर्यंत पाऊस दाराशी येतो, आणि त्या दमट हवेत घेतलेले मोठे काप लवकर सडतात. म्हणून मोठे काम दसऱ्यानंतर, पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावर करावे. छाटलेल्या फांद्यांवरचा त्या वर्षीचा मोहोर बुडेल, हे आईंना आधी सांगून ठेवावे. कौलांवरच्या फांद्या बीडच्या वाचकांना लिहिल्याप्रमाणे उपफांदीपर्यंत मागे आणाव्यात. जेथे दोन जाड फांद्या एकमेकींना चिकटून अरुंद बेचक्यातून वर गेल्या आहेत आणि बेचक्यात साल आत दुमडलेली दिसते, तेथे विशेष लक्ष द्यावे. रुंद बेचक्यात दोन्ही फांद्यांचे लाकूड एकमेकांत गुंफते. अरुंद बेचक्यात मध्ये साल अडकल्याने ते जुळतच नाही, आणि वादळात झाड तेथून उभे चिरते. अशा जोडीतील एक फांदी दोनतीन वर्षांत हळूहळू आखूड करून दुसरीला मुख्य होऊ द्यावे.

आपल्या नातेवाइकांनी दिलेला सल्ला आपल्याकडच्या वाऱ्याच्या अनुभवातून आलेला आहे. किनाऱ्यावरचे वादळ मात्र निराळे असते. वळवाचा वारा अर्ध्या तासात ओसरतो; चक्रीवादळ कित्येक तास चालते, आणि त्याचे केंद्र वरून गेले, तर वारा आधी एका दिशेने आणि नंतर उलट दिशेने येतो. पहिल्या दिशेने सैल झालेले झाड दुसऱ्या दिशेने पडते. किनाऱ्यालगत जमीन रेताड असते, पाणी वर असते, त्यामुळे मुळे खोल जात नाहीत. म्हणून तेथे एकट्या झाडापेक्षा झाडांच्या समूहाला महत्त्व आहे. वाडीत माड, पोफळी, जायफळ, केळी असे थर एकमेकांच्या आडोशाने उभे असतात. समुद्राकडची रांग गेली की आतली पोफळ उघडी पडते आणि पुढच्या वाऱ्यात ती जाते. निसर्ग वादळात जी जागा मोकळी झाली, तेथे समुद्राच्या बाजूने उंडी, करंज आणि सुरू या झाडांची रांग लावणे हे आईंनी मे महिन्यातील कापणीवर होणाऱ्या खर्चातून करावे. उंडी खारा वारा चांगला सोसते. ही रांग भिंतीसारखी गच्च नको, कारण गच्च अडथळ्यावरून उसळलेला वारा मागे भोवरे करून आदळतो. थोडा वारा आरपार जाऊ देणारी रांग तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. नवे माड एकमेकांपासून साडेसात मीटरवर लावावेत.

अरबी समुद्रातील चक्रीवादळे बहुधा पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. २००९ चे फयान नोव्हेंबरातील होते आणि २०२१ चे तौक्ते मे महिन्यात किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले. म्हणून वाळलेले उतरवण्याची फेरी वर्षातून दोनदा व्हावी, एक चैत्रात आणि एक नवरात्राच्या सुमारास. वादळ येऊन गेल्यावर खाऱ्या वाऱ्याने आंब्याची पाने तपकिरी पडली, तर ते झाड मेले असे समजून तोडू नये. शक्य तेवढे गोड्या पाण्याने धुवावे, डहाळीची साल नखाने खरवडून पाहावी, आणि आत हिरवे असेल तर पुढच्या पालवीपर्यंत थांबावे.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या चिंचेच्या फांद्या आमच्या गच्चीवर आल्या आहेत. आमच्या हद्दीतल्या फांद्या आम्ही परस्पर तोडू शकतो का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : परस्पर तोडू नयेत. नागरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही येते. नगरपरिषदेतील वृक्ष अधिकाऱ्यांकडे शेजाऱ्यांच्या संमतीपत्रासह, फांद्यांची छायाचित्रे जोडून अर्ज करावा. झाड पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने असेल, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते वारसा वृक्ष ठरते आणि निकष अधिक कडक होतात. गावात राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की आंबा, चिंच, जांभूळ, साग यांसारख्या झाडांच्या तोडीवर १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाचे नियंत्रण आहे. कागदपत्रांच्या आधी शेजाऱ्यांशी बोलावे आणि छाटणीचा खर्च निम्मा उचलण्याची तयारी दाखवावी. चिंचेचे लाकूड चिवट असते, वाळलेल्या फांद्या काढल्यावर बहुधा फार काही तोडावे लागत नाही.

प्रश्न : विजेच्या तारांना लागलेल्या फांद्या बांबूला कोयता बांधून आम्ही स्वतः काढतो. यात धोका आहे का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : जिवाचा धोका आहे. ओला बांबू आणि हिरवी फांदी दोन्हींतून वीज वाहते. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे, आणि वीजपुरवठा बंद असल्याचे त्यांच्या कर्मचाऱ्याने समक्ष सांगितल्याशिवाय कोणीही झाडाला हात लावू नये. महावितरणची माणसे घाईत तारांखालचा सारा शेंडा उडवतात, अशी तक्रार मला समजते. त्यावरचा उपाय एकच, तारांखाली उंच वाढणारे झाड लावू नये.

प्रश्न : वादळात आमचा गुलमोहर कलला आहे आणि शेजारचे दोन वर्षांचे बहाव्याचे रोप आडवे झाले आहे. दोन्ही वाचतील का? गुलमोहर गेलाच, तर त्या जागी काय लावावे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : झाड जुनेच तिरपे आहे की आत्ता कलले आहे, हे आधी ठरवावे. जुन्या तिरप्या झाडाचा शेंडा वळून सरळ वर गेलेला असतो आणि बुंध्याजवळची माती घट्ट असते. ते झाड आपल्या तिरपेपणाशी जुळवून वाढलेले आहे. आत्ता कललेल्या झाडाचे खोड बुंध्यापासून टोकापर्यंत एका सरळ रेषेत झुकते, ज्या बाजूने वारा आला तिकडची माती उचललेली असते आणि तिच्यात अर्धगोल भेग दिसते. आपल्या पत्रातील वर्णनावरून गुलमोहर दुसऱ्या प्रकारचा वाटतो. मोठे झाड दोर लावून ओढून उभे केले, तरी तुटलेली मुळे जुळत नाहीत, आणि उथळ मुळांच्या, ठिसूळ लाकडाच्या गुलमोहराच्या बाबतीत मी तो प्रयत्न करण्यास सांगणार नाही. वृक्ष अधिकाऱ्यांना पाहणीसाठी बोलवावे, तोपर्यंत त्याच्या पडण्याच्या दिशेने कोणी बसू नये, वाहन लावू नये. तो उतरवण्याचे काम दोर आणि यंत्रे असलेल्या अनुभवी माणसांकडूनच करून घ्यावे. ताणाखाली असलेली फांदी कापताच उलट उसळते.

बहाव्याचे रोप मात्र निश्चित वाचवता येईल. मुळे वाळण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी ओल्या गोणपाटाने ती झाकावीत, तुटलेली मुळे स्वच्छ कापावीत, रोप सावकाश उभे करून माती दाबावी आणि भरपूर पाणी द्यावे. आधारासाठी रोपाच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवून खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात सुती पट्टीने सैल बांधावे, तारेने किंवा सुतळीने आवळू नये. खोडाला थोडे हलू द्यावे, कारण हलण्यातूनच ते जाड होते आणि मुळे पकड घेतात.

गुलमोहराच्या जागी, घरापासून पंचवीस-तीस फूट मोकळी जमीन असेल, तर कडुनिंब किंवा करंज लावावा. जागा लहान असेल, तर आवळा, आपटा, कांचन किंवा पारिजातक. फळ हवे असेल, तर सीताफळ आपल्या मातीत उत्तम येते, आणि बुटका ठेवलेला केशर आंबाही चालेल. सुबाभूळ, निलगिरी आणि शेवगा घराला लागून लावू नयेत. रोप निवडताना उंचीवर जाऊ नये. पिशवीत मुळांचा वेटोळा झालेला आहे का ते पाहावे, कारण तो वेटोळा तसाच मातीत गेला, तर वीस वर्षांनी झाड बुंध्यातूनच सुटते. वेटोळा असेल, तर तीनचार ठिकाणी उभा छेद देऊन मुळे मोकळी करावीत. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला दुप्पट-तिप्पट घ्यावा आणि खोड जेथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीच्या वर दिसेल एवढ्याच खोलीवर रोप लावावे. पहिली पाचसहा वर्षे दर माघात दहा मिनिटे देऊन एक मुख्य शेंडा ठेवणे, त्याच्याशी स्पर्धा करणारा दुसरा आखूड करणे आणि अरुंद बेचके लहानपणीच मोडणे, एवढे साध्या कात्रीने करावे. आधाराचे बांबू एका वर्षानंतर काढून टाकावेत.